साईटची परीक्षा घेताना मधे किती थांबायचं?



१६ जुलै २०२१ आठवतो? कोरोनामुळे परीक्षा न होताच लागलेला दहावीचा निकाल त्या दिवशी दुपारी १ वाजता ऑनलाईन जाहीर झाला, आणि पुढचे काही तास निकालाची साईटच उघडेना. असं झालं की आपण हमखास विचारतो, "आधी टेस्ट करून पाहिली नव्हती का यांनी?" प्रश्न रास्त आहे. पण टेस्ट करतात म्हणजे नेमकं काय करतात, ते आज पाहू. त्यात 'थांबणे' ही एक छोटीशी गोष्ट आहे, आणि बरंचसं तिच्यावर अवलंबून असतं.

निकालाची साईट असो की 'सरल', तिच्या मागे एक डेटाबेस असतो. आपण बैठक क्रमांक टाकतो, तो शोधून उत्तर देतो. एका वेळी किती लोकांना तो पुरेल हे मोजायची साधनं मिळतात. पोस्टग्रेसक्यूएल नावाच्या मोफत डेटाबेससोबत पीजीबेंच नावाचं असंच एक साधन येतं. ते खोटेखोटे वापरकर्ते तयार करतं, त्यांच्याकडून सतत काम मागवतं आणि सेकंदाला किती कामं उरकली ते सांगतं.

पहिली गंमत इथेच आहे. वेगळं काही सांगितलं नाही तर हे खोटे वापरकर्ते थांबतच नाहीत. उत्तर आलं की लगेच पुढची मागणी. माणूस असा असतो का? 'सरल'वर माहिती भरणारे गुरुजी बघा. पान उघडतात, दाखल-खारीज रजिस्टर चाळतात, तेवढ्यात कोणी विचारतं, "सर, पाणी पिऊन येऊ?" मग जन्मतारीख टाकतात, मग बटण दाबतात. म्हणून चाचणीतही मधे थांबा घालावा लागतो. पीजीबेंचमध्ये त्यासाठी 'स्लीप' ही आज्ञा आहे.

पण किती थांबायचं? सरासरी एक मिनिट असेल तर दर वेळी बरोबर ६० सेकंद, असं सुचतं. ते का चालत नाही हे कळायला हातपंपावर चला. एक हंडा भरायला ५० सेकंद लागतात आणि दर ६० सेकंदांनी एक बाई येते. कोणालाच थांबावं लागणार नाही. कागदावर सगळं छान!

आता वर्गात एक फासा घ्या. एक फेक म्हणजे १० सेकंद. सहा पडला तर एक बाई आली, नाही तर कोणी नाही. सरासरी अजूनही ६० सेकंदांना एकच. मुलांना फळ्यावर रांग मांडायला सांगा. कधी लागोपाठ दोन सहा पडतील, कधी दोन मिनिटं उलटली तरी एकही नाही. आपल्याकडे आवत्या धान आणि रोवणीचं धान यांत जो फरक, तोच हा. फेकून पेरलेलं बी कुठे दाट पडतं, कुठे जागा रिकामी राहते. गणिताने काढलं तर या पंपावर प्रत्येकीला सरासरी १०० सेकंद वाट पाहावी लागते. (एका तासिकेत नेमके १०० येणार नाहीत, फासे भरपूर टाकावे लागतील.)

पंप दुरुस्त करून हंडा ४० सेकंदांत भरू लागला, तर ही वाट १०० वरून ३० सेकंदांवर येते. ठरावीक ६० सेकंदांच्या चाचणीत मात्र दोन्ही पंपांना शून्यच मिळतो! अशी चाचणी चांगल्या आणि काठावरच्या पंपात फरकच दाखवत नाही. मला वाटतं, "टेस्ट केली होती" या वाक्यावर विसंबण्याआधी हे विचारायला हवं की टेस्टमधली माणसं कशी येत होती.

हे जाणकारांना जुनंच माहीत आहे. टेलिफोनचे कॉल असे अनियमित येतात, हे डेन्मार्कच्या एर्लांगने १९०९ मध्येच गणितात मांडलं. १९९२ च्या टीपीसी-सी या डेटाबेस चाचणीत तर थांबा कसा काढायचा याचं सूत्रच दिलं आहे: ० ते १ मधली एक यादृच्छिक संख्या घ्या, तिचा नैसर्गिक लॉगॅरिदम काढा, चिन्ह बदला आणि सरासरीने गुणा. नवीन ऑर्डर नोंदवण्याच्या कामाला सरासरी १२ सेकंद ठरवलेत. संख्या ०.९ आली तर थांबा सव्वा सेकंदाचा, ०.५ ला सुमारे ८.३, आणि ०.०५ ला जवळपास ३६ सेकंद. लहान थांबे पुष्कळ, मोठे थोडे. फारच मोठा आला तर सरासरीच्या दहापटीवर, म्हणजे १२० सेकंदांवर छाटता येतो. "लॉग कुठे वापरतात?" असं अकरावीची मुलं विचारतात ना, त्यांना हे दाखवा.

संगणकाची यादृच्छिक संख्या खऱ्या फाशासारखी नसते, तीही हिशेबानेच निघते. सुरुवातीच्या आकड्याला इंग्रजीत 'सीड' म्हणजे बी म्हणतात. तेच बी दिलं की तेच थांबे, त्याच क्रमाने मिळतात. दोन सर्व्हरची तुलना करताना हे फार सोयीचं. दोघांना एकच प्रश्नपत्रिका!

पण गडचिरोलीत बसून पाहिलं तर एवढ्यानेही भागत नाही. फाशाच्या खेळात प्रत्येक बाई आपापल्या वेळेला येते. इकडे पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. लाईट गेली, टॉवर बंद पडला, की मोबाईलमध्ये भरून ठेवलेली माहिती तशीच अडकते, आणि रेंज आली की सगळ्यांची एकदमच निघते. शेवटच्या तारखेलाही तेच. चाचणीत ही झुंबड वेगळी घालावी लागते.

आणि अशा वेळी यादृच्छिक थांबाच औषध म्हणून कामी येतो. सर्व्हरने नकार दिल्यावर सगळ्या मोबाईलनी बरोबर ५ सेकंदांनी पुन्हा प्रयत्न केला, तर पुन्हा तीच टक्कर. प्रत्येकाने वेगवेगळा वेळ थांबावं, पुन्हा अपयश आलं तर थांब्याची मर्यादा दुप्पट करावी, म्हणजे गर्दी पांगते. १९७१ मध्ये हवाई बेटांवर सुरू झालेल्या अलोहा रेडिओ जाळ्यात संदेश एकमेकांवर आदळले की पाठवणारे असेच वेगवेगळा वेळ थांबून पुन्हा पाठवत.

निकालाच्या दिवशी १ वाजता घरातले चारही मोबाईल घेऊन सारखं रिफ्रेश दाबणाऱ्या पालकांनाही हे लागू आहे. एकाच मोबाईलवर एकदा दाबा, उघडलं नाही तर घरातलं एखादं काम करून या. किती मिनिटांनी यायचं, ते हवं तर फासा टाकून ठरवा.