धडक सायकलची, बिल मोटारीचे

मोटारीचा विमा असतो, सायकलचा बहुधा नसतो. मग दोघांची टक्कर होऊन नुकसान मोटारीचे झाले, तर भरपाई कोणी आणि किती द्यायची? घाबरून जागच्या जागी खिसा रिकामा करण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाला ठाऊक असावी अशी ही माहिती.

संध्याकाळी क्लास सुटतो. मुलांचा घोळका सायकली दामटत निघतो. चौकात पुढची मोटार थांबते, मागच्या सायकलचा ब्रेक वेळेवर लागत नाही आणि हँडल मोटारीच्या मागच्या दिव्यावर आपटते. दिवा फुटतो, बंपरवर लांबलचक ओरखडा उमटतो. तावातावाने खाली उतरलेले गृहस्थ आधी दिव्याकडे पाहतात, मुलाच्या सोललेल्या गुडघ्याकडे नंतर. ‘‘कोण भरून देणार हे? दहा हजार रुपये काढ, नाही तर सायकल इथेच ठेव!’’ बघे जमतात. निम्मे म्हणतात, ‘लहान पोर आहे, सोडून द्या’, तर निम्मे म्हणतात, ‘चूक त्याचीच आहे, भरायलाच हवे’. मुलगा रडकुंडीला येऊन घरी फोन लावतो.

असा प्रसंग कोणत्याही शहरात, कोणत्याही घरावर येऊ शकतो. मुलाच्या जागी कधी घरोघर पेपर टाकणारा असतो, कधी पाळीवर निघालेला कामगार, तर कधी व्यायामासाठी पहाटे सायकल काढणारे निवृत्त गृहस्थ. अशा वेळी दोन गैरसमज हमखास ऐकू येतात. पहिला म्हणजे, ‘विमा नाही ना, मग सगळी भरपाई सायकलवाल्याने द्यायची.’ दुसरा याच्या अगदी उलट, ‘कायद्यात नेहमी मोठ्या गाडीचीच चूक धरतात, सायकलवाल्याला कोणी काही करू शकत नाही.’ आपल्या देशातला कायदा या दोहोंपैकी एकही गोष्ट मानत नाही.

विमा नसणे हा गुन्हा नाही

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक मोटार वाहनाला ‘थर्ड पार्टी’ विमा सक्तीचा आहे. मात्र ही सक्ती यंत्राच्या शक्तीवर चालणाऱ्या वाहनांसाठी आहे. पायाने चालवायची सायकल मोटार वाहनाच्या व्याख्येत बसत नाही. त्यामुळे तिला ना परवाना लागतो, ना विमा. एखाद्या मोटारमालकाने किंवा हवालदाराने ‘सायकलचा विमा दाखव’ म्हटले, तर त्या मागणीला कायद्याचा आधार नाही.

बॅटरीवरच्या सायकली वापरणाऱ्यांनी मात्र सावध राहावे. मोटारची शक्ती आणि वेग नियमांनी ठरवून दिलेल्या मर्यादेत असेल, म्हणजे ढोबळमानाने २५० वॅट आणि ताशी २५ किलोमीटर, तरच अशा सायकलला सूट मिळते. दुकानदाराने किंवा मेकॅनिकने वेग वाढवून दिलेली सायकल कायद्याच्या दृष्टीने मोटार वाहन ठरू शकते. मग नोंदणी, परवाना आणि विमा हे सगळेच आवश्यक होते.

पण विमा सक्तीचा नाही याचा अर्थ जबाबदारी नाही, असा होत नाही. आपल्या निष्काळजीपणामुळे दुसऱ्याचे नुकसान झाले तर ते भरून द्यावे, हे दिवाणी कायद्याचे जुने तत्त्व आहे. ते पायी चालणाऱ्यालाही लागू आहे आणि सायकलस्वारालाही. फरक इतकाच की मोटारवाल्याच्या वतीने विमा कंपनी पैसे भरते आणि सायकलस्वाराला ते स्वतःच्या खिशातून भरावे लागतात.

आधी चूक ठरते, मग रक्कम

भरपाई मागणाऱ्याला समोरच्याची हयगय सिद्ध करावी लागते. सिग्नल तोडणे, उलट्या दिशेने येणे, अंधारात दिव्याशिवाय जाणे, हात न दाखवता वळणे, निकामी ब्रेकची सायकल रस्त्यावर आणणे या सायकलस्वाराच्या चुका धरल्या जातात. याउलट मोटारवाल्याने मागे न पाहता दार उघडले, इंडिकेटर न देता गाडी डावीकडे घेतली किंवा सायकलला खेटून ओव्हरटेक केले, तर मोटारीला पोचा आला तरी दोष मोटारवाल्याचाच असू शकतो. गाडीचे नुकसान झाले एवढ्यावरून सायकलस्वार दोषी ठरत नाही.

पुष्कळदा चूक दोघांचीही असते. तेव्हा न्यायालय दोषाची वाटणी करते. समजा, दुरुस्तीचा वाजवी खर्च २०,००० रुपये आहे आणि सायकलस्वाराचा दोष ४० टक्के ठरला, तर त्याच्यावर ८,००० रुपयांचीच जबाबदारी येते. हाच हिशेब सायकलस्वार जखमी झाला तर त्याच्या भरपाईलाही लागू पडतो. मुंबईत महापालिकेच्या बसची धडक बसून एका सायकलस्वार तरुणाचा मृत्यू झाला होता. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली तरुणाने वाहतुकीचा नियम मोडल्याचे मानून त्याचा दोष २५ टक्के धरला आणि त्या प्रमाणात भरपाई कमी केली. सायकल लहान आहे म्हणून नियमातून सुटका नाही, हे यातून स्पष्ट होते.

रकमेच्या बाबतीतही मोटारमालकाच्या तोंडून निघेल तो आकडा अंतिम नसतो. अपघातात जे मोडले तेवढ्याचीच भरपाई मिळते. जुना ओरखडा, आधीचा पोचा, संपूर्ण गाडीचे नव्याने पेंटिंग असला खर्च त्यात घुसडता येत नाही. म्हणून अंदाजपत्रक लेखी मागावे. शक्य असल्यास दुसऱ्या गॅरेजमधूनही आणावे आणि प्रत्यक्ष दुरुस्तीचे बिल पाहिल्याशिवाय रक्कम कबूल करू नये.

गाडीला विमा आहे, मग प्रश्न मिटला का?

मोटारीचा विमा दोन प्रकारचा असतो. फक्त ‘थर्ड पार्टी’ विमा असेल, तर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे पैसे मालकाला मिळत नाहीत. सर्वसमावेशक विमा असेल, तर कंपनी दुरुस्तीचा खर्च देते. पण त्यातली ठराविक रक्कम मालकालाच सोसावी लागते आणि सुट्या भागांच्या किमतीतून घसारा कापला जाऊ शकतो. शिवाय क्लेम केला की ‘नो क्लेम बोनस’ जातो. ही सवलत पहिल्या वर्षानंतर २० टक्क्यांपासून सुरू होऊन ५० टक्क्यांपर्यंत वाढत जाते. त्यामुळे किरकोळ दुरुस्तीसाठी पुष्कळ मालक कंपनीकडे न जाता थेट सायकलस्वाराकडेच पैसे मागतात.

कंपनीने पैसे दिले तर मालकाला तेच पैसे सायकलस्वाराकडून पुन्हा उकळता येत नाहीत. मात्र कंपनी मालकाच्या जागी उभी राहून दोषी व्यक्तीकडून वसुली मागू शकते. म्हणून ‘विम्यातून भागेल, माझा काय संबंध?’ अशी उडवाउडवी धोक्याची ठरते.

मालकाला भरपाई वसूल करायचीच असेल, तर योग्य मार्ग दिवाणी न्यायालयाचा आहे आणि दाव्याची मुदत साधारणपणे ३ वर्षांची आहे. रस्त्यावर सायकल, मोबाइल किंवा आधार कार्ड हिसकावून ठेवण्याचा अधिकार त्याला नाही. धमकी देऊन लिहून घेतलेला कागदही कायद्यापुढे टिकणे अवघड असते.

दाव्याचा निकाल विरुद्ध गेला तरी संसार रस्त्यावर येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार कुटुंबाचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि कारागिराची हत्यारे जप्त करता येत नाहीत. मजूर आणि घरगडी यांच्या मजुरीवरही जप्ती येत नाही. इतर पगारदारांच्या पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचा दोन तृतीयांश भाग सुरक्षित असतो.

मुलगा चालवत असेल तर?

आईवडिलांचा हा सर्वांत मोठा घोर. अठरा वर्षांखालील मुलाने मोटार किंवा स्कूटर चालवून अपघात केला, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालक आणि वाहनमालक यांनाही शिक्षा होऊ शकते. ही तरतूद मोटार वाहनांसाठी आहे, सायकलला ती लागू नाही. मुलाच्या चुकीची भरपाई केवळ बाप आहे म्हणून बापाने दिलीच पाहिजे, असाही सरसकट नियम नाही. पण पालकांचीच हयगय असेल, म्हणजे ब्रेक नसलेली सायकल त्यांनी दिली किंवा पाय न पुरणाऱ्या पोराला हमरस्त्यावर धाडले, तर जबाबदारी त्यांच्यावर येऊ शकते. मुलाची चूक ठरवतानाही त्याच्या वयाच्या मुलाकडून किती समज अपेक्षित आहे, हे पाहिले जाते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अज्ञान मुलाने केलेला करार कायद्याने निरर्थक असतो. ‘पैसे देईन’ असे मुलाकडून लिहून घेतलेल्या कागदाला काही किंमत नाही.

मालकाच्या कामासाठी सायकलवरून निघालेल्या नोकराच्या हातून अपघात झाला, तर मात्र मालकही जबाबदार ठरतो. दुकानाचे सामान पोचवणाऱ्या पोऱ्याच्या पगारातून परस्पर पैसे कापण्यापूर्वी दुकानदारांनी याचा विचार करावा.

पोलीस केस होते का?

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम २८१ सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे कोणतेही वाहन चालवणाऱ्याला लागू होते. त्यात सायकलही येऊ शकते. शिक्षा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सायकलच्या धडकेने कोणी जखमी झाले किंवा दगावले, तर त्याहून गंभीर कलमे लागतात. मात्र मनुष्याच्या जिवाला धोका न होता चुकून केवळ दिवा फुटला किंवा पत्रा चेपला, तर तो गुन्हा न ठरता पैशांचा दिवाणी वादच राहतो. नासधुशीच्या गुन्ह्यासाठी नुकसान करण्याचा हेतू किंवा तशी जाणीव असावी लागते.

जखमेकडे आधी पाहा

बिलाच्या भांडणात सायकलस्वार स्वतःचे हक्क विसरतो. अपघातात कोणी जखमी झाले असेल, तर त्याला वैद्यकीय मदत मिळवून देणे हे मोटारचालकाचे कायदेशीर कर्तव्य आहे. मोटार वाहनाच्या अपघातातील जखमींसाठी केंद्र सरकारने मे २०२५ मध्ये योजना अधिसूचित केली. तिच्यानुसार नेमलेल्या रुग्णालयांत पहिल्या ७ दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळू शकतात.

गंभीर दुखापत झाली असेल, तर कलम १६४ नुसार चूक कोणाची हे सिद्ध न करताही मोटारमालक किंवा त्याच्या विमा कंपनीकडून अडीच लाख रुपये मागता येतात. मृत्यू झाल्यास ही रक्कम ५ लाख आहे. दोष सिद्ध करून अधिक भरपाई मागायची असेल, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे कलम १६६ खाली अर्ज करावा लागतो. १ एप्रिल २०२२ पासून त्यासाठी ६ महिन्यांची मुदत ठेवली आहे, म्हणून उशीर करू नये. डोक्याला मार लागला असल्यास तपासणी होईपर्यंत ‘माझी काही तक्रार नाही’ अशा कागदावर सही करू नये.

जागेवर काय करावे?

* पळून जाऊ नका. गर्दी अंगावर येत असेल, तर जवळच्या पोलीस चौकीत चला असे सांगा.
* गाडीचा नंबर, चालकाचे नाव आणि फोन नंबर घ्या. आपलाही द्या.
* दोन्ही वाहनांचे, रस्त्याचे आणि सिग्नलचे फोटो काढा. गाडीवरचे जुने ओरखडेही त्यात येऊ द्या.
* पाहणाऱ्या एकदोघांचे फोन नंबर घ्या. जवळच्या दुकानाचा कॅमेरा असेल, तर चित्रण जपून ठेवण्याची विनंती करा.
* विचारपूस जरूर करा, पण घाबरून ‘सगळी चूक माझीच’ असे लिहून देऊ नका.
* तडजोड करायची असेल तर लेखी करा. तारीख, गाडीचा नंबर, दिलेली रक्कम आणि ‘या अपघाताबाबत यापुढे कोणतीही मागणी राहिलेली नाही’ हे वाक्य त्यात असावे. दोघांच्या आणि साक्षीदारांच्या सह्या घ्या.

तडजोड जमली नाही आणि नोटीस आली, तर ती फाडून टाकू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, औद्योगिक कामगार आणि ठराविक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेल्यांना मोफत वकील मिळतो. असे वाद लोकअदालतीत चटकन मिटू शकतात. तिथल्या निवाड्याला न्यायालयाच्या हुकूमनाम्याचाच मान असतो आणि हप्त्याने पैसे देण्यावरही समेट करता येतो.

सायकलस्वाराचा विमा

जर्मनीत बहुतेक कुटुंबे वैयक्तिक जबाबदारीचा विमा स्वखुशीने घेतात आणि सायकलच्या धडकेने झालेले दुसऱ्याचे नुकसान त्यातून भरले जाते. तिथल्या कायद्यानुसार मोटारीबरोबरच्या अपघातात १० वर्षांखालील मूल, त्याने जाणूनबुजून काही केले नसेल तर, भरपाईला जबाबदारच नसते. स्वित्झर्लंडमध्ये सायकलला विम्याचा स्टिकर सक्तीचा होता. ती सक्ती २०१२ पासून गेली.

आपल्याकडे असा विमा मागितल्याशिवाय कोणी सुचवत नाही. तरीही काही कंपन्यांच्या घरगुती पॅकेज पॉलिसीत सायकलसाठी वेगळा विभाग असतो आणि त्यात चोरीबरोबर दुसऱ्याच्या नुकसानीची जबाबदारीही मर्यादित रकमेपर्यंत धरलेली असू शकते. घराचा विमा असेल तर पॉलिसी काढून हा विभाग वाचून पाहा. नसेल तर नूतनीकरणाच्या वेळी एजंटला विचारा. फक्त सायकल चोरीचा विमा घेऊन ‘सगळे झाले’ असे समजू नका.

बाकी सर्वांत स्वस्त उपाय घरातच आहेत. महिन्यातून एकदा ब्रेकचे रबर तपासावेत, पुढे दिवा आणि मागे लाल परावर्तक लावावा, घंटी वाजती ठेवावी. आणि मुलाला सायकल घेऊन देताना एवढे जरूर सांगून ठेवावे की कुणाला धडक बसली तर थांबायचे, कशावरही सही करायची नाही आणि लगेच घरी फोन करायचा.