अल्झायमर आहे, मग शंटचा विचारच नको?

आजोबांना अल्झायमर आहे हे एकदा ठरलं की घरात त्यांची प्रत्येक तक्रार त्याच खात्यात जमा होते. पाय फरशीला चिकटल्यासारखे ओढत चालणं, वळताना तोल जाणं, बाथरूमपर्यंत पोहोचण्याआधीच लघवी होणं. पण अल्झायमरमध्ये आधी विसरभोळेपणा येतो, चाल सहसा बऱ्याच उशिरा बिघडते. चाल लवकर बिघडली असेल, तर मेंदूतल्या पोकळ्यांत पाणी साठलंय का हे तपासायलाच हवं. या आजाराला 'नॉर्मल प्रेशर हायड्रोकेफॅलस' म्हणतात. कोलंबियाचे न्यूरोसर्जन सालोमोन हाकीम आणि बोस्टनचे रेमंड ॲडम्स यांनी १९६५ मध्ये त्याचं वर्णन केलं.

गैरसमज : दोन्हींपैकी एकच आजार असणार.
वस्तुस्थिती : म्हातारपणी दोन्ही एकत्र आढळणं मुळीच दुर्मीळ नाही. न्यूयॉर्कमध्ये शंट (मेंदूतलं साठलेलं पाणी वाहून नेणारी नळी) बसवताना ५६ रुग्णांच्या मेंदूचा छोटा तुकडा तपासला गेला. त्यातल्या २३ जणांत अल्झायमरच्या खुणा सापडल्या.

गैरसमज : अल्झायमर असेल तर ऑपरेशन वाया जातं.
वस्तुस्थिती : २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच अभ्यासात अल्झायमरच्या खुणा असलेल्यांची चालही इतरांइतकीच सुधारली. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो. जो माणूस स्वतः उठून बाथरूमला जातो, त्याचं आणि त्याला सांभाळणाऱ्या सुनेचं आयुष्य वेगळं असतं. मात्र शंट अल्झायमर थांबवत नाही. गेलेली स्मृती परत येईल असं घरच्यांना कुणी सांगू नये. अल्झायमरची औषधंही चालूच ठेवावी लागतात.

गैरसमज : स्कॅनमध्ये पोकळ्या मोठ्या दिसल्या की निदान झालं.
वस्तुस्थिती : अल्झायमरमध्ये मेंदू आक्रसल्यानेही त्या मोठ्या दिसतात. म्हणून कमरेतून ३० ते ५० मिलिलिटर पाणी काढून चाल आधी आणि नंतर मोजतात. फरक दिसला तर शंटचा फायदा होण्याची शक्यता चांगली. फरक दिसला नाही, तरी तेवढ्यावर नकार पक्का होत नाही. काही ठिकाणी दोन-तीन दिवस कमरेत नळी ठेवून पुन्हा पाहतात.

शंटचे धोके खरे आहेत : जंतुसंसर्ग, नळी तुंबणं, पाणी जास्त वाहून मेंदूभोवती रक्त साचणं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. शंटला चुंबकाने बाहेरून जुळवता येणारा व्हॉल्व्ह असेल, तर त्यामुळे प्रवाह पुन्हा ऑपरेशन न करता बदलता येतो. असा व्हॉल्व्ह असेल तर एमआरआयनंतर त्याची सेटिंग तपासून घ्यावी.