नायजेरियाचे कोरड्यास : काय बदलावे, काय बदलू नये

नालासोपारा, वसई, मीरा रोड, नवी मुंबई या पट्ट्यात नायजेरियातून आलेली कुटुंबे भाड्याने राहतात. घर शोधताना त्यांना काय काय ऐकून घ्यावे लागते, ते आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको. स्वयंपाकाचा वास येतो ही तक्रार तर ठरलेली. त्यांच्यातली एक बाई सुकटीच्या टोपलीपाशी आमच्या शेजारी उभी राहून भाव करत होती, तिथे ओळख झाली. सुकट कशाला, म्हणून विचारले तर म्हणाली, सूपमध्ये घालायला. आम्हाला हसूच आले. पुढे तिच्याकडे दोनदा जेवलो आणि मग त्या सूपचा अर्थ कळला.

नायजेरियातले सूप म्हणजे हॉटेलात जेवणाआधी येते ते पाणी नव्हे. ते आपले कोरड्यास. त्याच्यासोबत भाकरीच्या जागी शिजवलेल्या पिठाचा मऊ गोळा असतो. उजव्या हाताने घास तोडायचा, सूपमध्ये बुडवायचा आणि फारसा न चावता गिळायचा. दक्षिणेत हा गोळा कसाव्याच्या गारीचा, म्हणजे ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो त्याचाच, नाहीतर कुटलेल्या यामचा. उत्तरेत हाउसा लोक ज्वारीचा, मक्याचा किंवा तांदळाचा करतात, त्याला तुवो म्हणतात. कसावा पोट भरतो, पण त्यात प्रथिने फारच थोडी. म्हणून त्या घरात अंगाला काय लागणार, हे सूपच ठरवते.

हे किती खरे आहे ते १९६७ ते १९७० च्या यादवी युद्धात दिसले. बियाफ्रा भागाची कोंडी झाली, मासे-मटण येणे बंद झाले. हातापायांवर सूज आलेली, पोट फुगलेली मुले जगाने तेव्हा फोटोंत पाहिली. तो प्रथिनांच्या उपासमारीचा आजार होता, क्वाशिओरकोर. मदत म्हणून नॉर्वेतून वाळवलेला कॉड मासा आला, लाकडासारखा कडक. तो स्टॉकफिश तिथल्या सूपमध्ये आजही मानाने पडतो, पण महाग झाला आहे. मग बायका काय करतात? धुरी दिलेला मांगूर घालतात, वजडी घालतात, अंडी घालतात. आणि यातले काही घातले तरी वाळवलेली बारीक कोळंबी कुटून मूठभर घालतातच. तिकडे तिला क्रेफिश म्हणतात. आमच्या शेजारणीला आपल्या जवळ्यात आणि सुकटीत तेच सापडले. या अदलाबदलीत काही बिघडत नाही. प्रथिने मिळतात, सालीसकट खाल्ल्याने चुनाही मिळतो, आणि पालेभाजीतले लोह अंगी लागायला मासळीची मदत होते. कोळंबीने अंगावर पित्त उठत असेल, त्यांनी मात्र हिच्या वाटेला जाऊ नये.

एक बदल तिकडच्या गरिबांना परवडतो म्हणून रुळला आहे, तो आम्हाला पटत नाही. मटणाऐवजी गुरांचे कातडे, त्याला पोन्मो म्हणतात. चावायला बरे, पण त्यातले प्रथिन अपुरे असते. त्यावर मुलांची वाढ सोपवता येत नाही.

आता एगुसी. एका कडू कलिंगडाच्या बिया या. गर टाकून देतात, बी सोलून वाटतात. त्यात जवळपास निम्मे तेल आणि पाव हिश्श्याहून जास्त प्रथिने. बदली म्हणून आपल्याकडचे मगज अगदी चालते, पण मगज महाग. तेव्हा घरच्या लाल भोपळ्याच्या बिया धुऊन, वाळवून, सोलून ठेवाव्यात, नाहीतर सरळ शेंगदाणे घ्यावेत. शेंगदाण्याला आम्ही तडजोड म्हणत नाही. एदो लोकांचे आणि उत्तरेतल्या हाउसांचे शेंगदाण्याचे सूप मुळातच वेगळे आणि नावाजलेले आहे.

आम्ही पाच जणांसाठी केले ते असे : दीडशे ग्रॅम शेंगदाणे कच्चेच जाडसर वाटले. त्यात अर्धा कांदा आणि थोडे पाणी घालून घट्ट गोळा केला. पातेल्यात दोन पळ्या तेलावर उरलेला कांदा, तीन टोमॅटो आणि लाल मिरच्यांचे वाटण कडेला तेल सुटेपर्यंत परतले. धुतलेली सुकट आणि तांब्याभर पाणी घातले. उकळी आल्यावर वाटणाचे छोटे गोळे सोडले आणि दहा मिनिटे पळी लावली नाही. ढवळले की गोळे फुटून पिठले होते, आमचे पहिल्यांदा तेच झाले. शेवटी दोन जुड्या चिरलेला माठ घालून पाचच मिनिटे ठेवले. मीठ सर्वात शेवटी, चव बघून.

तेलाबद्दल घोळ होतो. तिकडचे पामतेल लाल असते. त्या लाल रंगातून शरीर अ जीवनसत्त्व बनवते. काही जण ते रंग जाईपर्यंत तापवतात, तेव्हा ते जीवनसत्त्वही जळून जाते. आपल्याकडचे पामोलिन शुद्ध करताना रंग आधीच काढलेला असतो, त्यामुळे नाव सारखे असले तरी ते बदली होत नाही. लाल असो की पिवळे, हृदयाचा त्रास असणाऱ्याने पामतेलाचा हात आखडताच ठेवावा. आम्ही शेंगदाण्याचे तेल वापरले आणि अ जीवनसत्त्वाचे काम पालेभाजीवर सोडले. हाउसांच्या मियान ताउशेमध्ये लाल भोपळा, शेंगदाणे आणि अंबाडीचा पाला एकत्र येतो, त्यात तर ते आपोआपच होते.

सूप बुळबुळीत हवे असेल तर तिकडे भेंडी किंवा ज्यूटची कोवळी पाने शिजवतात. काही जण तार लवकर सुटावी म्हणून काउन नावाचा खार टाकतात. तो आपल्या खायच्या सोड्याचा भाऊबंद, म्हणजे पुन्हा सोडियम. भेंडी बारीक चिरली तर त्याची गरजच नाही. ओनुग्बू या कडू पाल्याच्या सूपला अळकुडी उकडून, कुटून घट्टपणा आणतात. तो कडू पाला इथे मिळत नाही, मेथी चालते.

सगळ्यात महागात पडलेली अदलाबदल वेगळीच आहे. पूर्वी या सूपची खरी चव इरू किंवा दादावामुळे असायची. एका रानझाडाच्या शेंगांतल्या बिया उकडून, आंबवून ते करतात. वास उग्र, पण त्यात प्रथिने असतात आणि त्याच्या जोरावर मीठ कमी लागते. त्याची जागा बरीचशी मसाल्याच्या क्यूबने घेतली. क्यूबचा निम्मा किंवा त्याहून जास्त भाग निव्वळ मीठ. बाई एका पातेल्यात तीन-चार टाकते आणि वर चवीला मीठ घालतेच. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चमचाभरही नाही, इतकेच मीठ सांगते. आपल्याकडे नूडल्सच्या पुडीतला मसाला भाजीत टाकायची सवय पोरांना लागली आहे, तिचा हिशोब हाच. ज्यांच्या घरी बीपीची गोळी चालू आहे त्यांनी क्यूब घालायचाच असेल तर वरचे मीठ घालू नये. नायजेरियातच आता सोयाबीन आंबवूनही दादावा करतात. पण एरंडाच्या बिया आंबवून होणारे ओगिरी कुणी घरी करून बघू नये, कच्चा एरंड विषारी असतो.

शेजारणीला तिच्या एफो रिरोसाठी शोको नावाचा पाला हवा होता. पालक घालून बघितला, पण पाणी फार सुटले. पावसाळ्यात आमच्यातल्या एकीने कुरडूची जुडी नेऊन दिली. तिने देठ हातात घेतला, पान चुरगळले आणि म्हणाली, हाच. वनस्पती एकच, तिकडे लावतात, इकडे रानात उगवते. जून-जुलैत कोवळी असतानाच खुडा, तुरा आल्यावर पाला जून होतो. रेल्वे रुळाच्या कडेची आणि गटाराच्या पाण्यावर वाढलेली मात्र घेऊ नका.