दोम वसईचा तोरा

लिस्बनच्या धक्क्यावर जहाजात चढताना गडी नुसता पेद्रू. केप ऑफ गुड होपला वळसा पडला की 'दोम पेद्रू', म्हणजे जन्मजात खानदानी! १७व्या शतकातला फ्रेंच रत्नव्यापारी ताव्हेर्निये याने हा प्रकार लिहून ठेवलाय. अशांना लोक 'केप ऑफ गुड होपचे सरदार' म्हणून हिणवत.

गोव्यात उतरल्यावर तर आणखी बहार. तिथे १५८३पासून काही वर्षं राहिलेल्या डच लिन्स्कोटेनने सांगितलेली ही तऱ्हा: एका घरात दहा-बारा शिपाई आणि सगळ्यांत मिळून रेशमी पोशाख दोन-तीन. ज्याची पाळी तो नटूनथटून, पावलं मोजत, डोक्यावर छत्री धरायला गुलाम घेऊन बाहेर पडणार. बाकीचे नुसत्या सदऱ्यावर घरात. घरात नाही दाणा आणि मला बाजीराव म्हणा! त्या छत्रीवाल्याचं नाव-गाव मात्र कुणी टिपलं नाही, याची चुटपुट लागते. सगळा रुबाब पेलला त्याच्याच हातांनी.

वसई पोर्तुगिजांना १५३४मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून मिळाली. इथे तर शहरच 'दोम' झालं. 'दोम बासाईं', उत्तरेचा दरबार! तटाच्या आत राहायचा मान फक्त सरदारांना. १६७५मध्ये आलेल्या इंग्रज डॉक्टर फ्रायरने दुमजली वाडे पाहिले. त्यांना झाकलेले सज्जे होते आणि खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांची पातळ तावदानं. समुद्रातलंच लेणं घराला चढवायचं, ही हौस मात्र मला मनापासून आवडते.

१६९५मध्ये इटालियन प्रवासी कारेरी आला, तेव्हा प्लेगने शहराचा मोठा भाग ओस पडला होता. 'दोम' तेवढा कायम. १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. इथली एक घंटा नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात गेली. तिच्यावर १७२१ साल कोरलेलं आहे.

पुढे याच वसईत खुद्द दुसरा बाजीराव आला, तो पुण्याहून पळून. २५ ऑक्टोबर १८०२ला यशवंतराव होळकरांनी त्याच्या फौजेचा धुव्वा उडवला होता. ३१ डिसेंबरला त्याने इंग्रजांशी तह केला. पेशवेपद राहिलं, बदल्यात पदरी सहा हजार इंग्रजी पायदळ, त्याच्या खर्चापोटी २६ लाखांचा मुलूख इंग्रजांच्या घशात आणि त्यांना विचारल्याशिवाय दुसऱ्या दरबाराशी बोलणीही करायची नाहीत.