मळीचा मद्यार्क आणि जिनमधले धणे

उसापासून साखर, साखरेमागे मळी आणि मळीपासून मद्यार्क, हा प्रवास सभासद बंधूंना नव्याने सांगायला नको. पण आसवनीच्या फाटकातून टँकर बाहेर पडला की त्यातल्या मद्यार्काचे पुढे काय होते, हे सहसा कोणी विचारत नाही. त्याचा मोठा वाटा आता पेट्रोलमध्ये मिसळायला जातो. काही औषधांना व रसायनांना लागतो, तर काहीपासून पिण्याची मद्ये होतात. त्यांतल्या ‘जिन’ या मद्याचा अलीकडे बराच बोलबाला आहे. ती प्या, असे सांगायला हा लेख नाही. दारूपायी संसार कसे बसतात, ते आपण गावोगाव पाहिलेच आहे. पण आपल्या मालाची किंमत नेमकी कुठे वाढते, हे माल पिकवणाराला ठाऊक असावे.

आधी हिशेब बघा. एक टन उसामागे शेवटची मळी साधारण ४० ते ४५ किलो निघते. एक टन मळीतून सुमारे २२५ लिटर मद्यार्क मिळतो. म्हणजे उसाच्या टनामागे दहा लिटरच्या आतबाहेर. आपल्याकडे जिनच्या ७५० मिलिलिटरच्या बाटलीत बहुधा ४२.८ टक्के मद्यार्क असतो, बाकी मुख्यतः पाणी. म्हणजे टनभर उसाच्या मळीतून तीसेक बाटल्यांपुरता मद्यार्क होतो. या मद्यार्काला स्वतःची चव जवळजवळ नसते. मग भारी जिनची बाटली महाग का? कर आहे, नाव आहे, बाटलीची नक्षीही आहे. पण ते सोडले तर गिऱ्हाईक पैसे मोजते ते वासाचे. आणि तो वास येतो फळे, बिया, साली आणि मुळ्या यांतून.

त्यांतले मुख्य ज्युनिपर. हे थंड मुलखातले काटेरी झुडूप. त्याच्या निळ्याकाळ्या गोळ्यांना सगळे फळ म्हणतात, पण पाईनच्या शंकूसारखाच तो एक मांसल शंकू आहे. पिकायला दोन-तीन वर्षे लागतात, त्यामुळे एकाच फांदीवर हिरवी आणि पिकलेली फळे एकत्र दिसतात. काठीने झोडपले की पिकलेली तेवढी खाली पडतात. हिमालयातही ज्युनिपर होतो. आयुर्वेदात त्याला हपुषा म्हणतात. युरोपच्या कायद्याप्रमाणे जिनमध्ये मुख्य चव ज्युनिपरचीच लागते आणि मद्यार्क किमान ३७.५ टक्के लागतो.

दुसरा मान आपल्या ओळखीच्या धण्यांचा. मग अँजेलिकाची मुळी, आयरिसचा वाळवून काही वर्षे मुरवलेला कंद, लिंबू-संत्र्याच्या साली, ज्येष्ठमध, दालचिनी. ‘बॉम्बे सफायर’ या विलायती जिनमध्ये असे दहा जिन्नस असतात, त्यांत कंकोळही आहे. नाव मुंबईचे, पण जिन होते इंग्लंडात!

करण्याची रीत अशी. हे जिन्नस मद्यार्क-पाण्यात भिजवून तांब्याच्या भांड्यात तापवतात. वाफ त्यांतली सुगंधी तेले घेऊन वर चढते आणि थंड नळीत पुन्हा पातळ होते. काही ठिकाणी जिन्नस वरच्या टोपलीत ठेवून त्यातून नुसती वाफ नेतात. सुरुवातीची आणि शेवटची धार बाजूला काढतात, मधली तेवढी ठेवतात. ती कधी तोडायची, यातच कारागिराचे कसब. स्वस्त जिनला एवढी यातायात नसते, मद्यार्कात अर्क टाकला की काम झाले. (हे वाचून कोणी परसात भट्टी मांडू नये. परवान्याशिवाय दारू गाळणे हा महाराष्ट्रात १९४९ च्या कायद्याने गुन्हा आहे.)

ज्युनिपरची चाल हॉलंडकडून इंग्लंडात गेली. पूर्वीचा मद्यार्क उग्र असे, आणि तो उग्रपणा झाकायलाही हा मसाला उपयोगी पडे. अठराव्या शतकात स्वस्त जिनने लंडनच्या गरीब वस्त्या धुऊन नेल्या. १७३६ साली जबर कर बसवून पाहिला, तर चोरटी विक्री माजली. शेवटी १७५१ च्या कायद्याने विक्रीचे परवाने आवळले. पुढे १८३० साली एनियास कॉफी याने स्तंभभट्टीचे पेटंट घेतले आणि स्वच्छ मद्यार्क भरपूर मिळू लागला. आपल्या आसवन्यांतले उंच कॉलम त्याच कुळातले.

छोट्या भट्ट्यांची अलीकडची लाट लंडनला २००९ साली ‘सिपस्मिथ’पासून उठली. त्या मंडळींना लहान भट्टीचा परवाना मिळवायलाच पुष्कळ झगडावे लागले. आपल्याकडे २०१७ साली गोव्यात ‘ग्रेटर दॅन’ निघाली. २०१८ मध्ये हिमालयातला ज्युनिपर घेऊन ‘हपुसा’ आली, आणि त्याच वर्षी ‘स्ट्रेंजर अँड सन्स’ही. गोव्याला ही कला परकी नव्हे. फेणीत दुक्शिरीची मुळी, म्हणजे अनंतमूळ, घालण्याची चाल तिथे जुनीच आहे.

आता आपल्या मतलबाची गोष्ट. या नव्या मंडळींपैकी पुष्कळजण धान्याचा मद्यार्क वापरतात आणि जाहिरातीतही ते मिरवतात. वारंवार गाळून शुद्ध केलेल्या मद्यार्कात ऊस की गहू, हा फरक सामान्य जिभेला कळणे अवघड. तरी बाजारात नावाला किंमत असते, आणि मळीला ते नाव अजून मिळालेले नाही.

राहिले धणे. आपला मसाल्याचा व्यापारी टपोरा दाणा मागतो, पण त्यात तेल कमी, शेकडा ०.१ ते ०.३५ च्या आसपास. बारीक दाण्याच्या जातीत ते शेकडा ०.८ ते १.८ पर्यंत जाते. वास तेलात असतो, म्हणून गाळणाऱ्याच्या दृष्टीने बारीक दाणा सरस. मात्र जिनच्या एका घाण्याला धणे किलोच्या हिशेबात लागतात, टनात नव्हे. त्यामुळे जिनच्या भरवशावर एकरभर धणे पेरण्यात अर्थ नाही. ज्यांचे धणे नाहीतरी शेतात असतात, त्यांनी बारीक जातीचा एखादा वाफा करून, तेलाचा उतारा प्रयोगशाळेत तपासून मग तेल काढणाऱ्यांकडे भाव विचारावा.