मनीप्लँट : कोरड्या प्रदेशातील संगोपन

हृदयाच्या आकाराच्या, हिरव्या पानांवर सोनेरी छटा असलेली एक वेल आज घरांच्या खिडक्यांत, शाळांच्या कार्यालयांत आणि ग्रंथालयांच्या मेजांवर सर्वत्र दिसते. तिला सर्वजण ‘मनीप्लँट’ म्हणतात. ती घरात असली म्हणजे पैसा येतो, अशी समजूत रूढ आहे. तीस शास्त्राचा काही आधार नाही. मात्र ह्या वेलीची तग धरण्याची शक्ती खरी आहे, आणि तिची कारणे समजून घेण्याजोगी आहेत. पावसाळी अरण्यातील ही वनस्पती जयपूरसारख्या कोरड्या शहरात कशी जगते, तिला काय हवे असते आणि तिची निगा राखताना माणसांच्या आरोग्याकडेही का लक्ष द्यावे लागते, ह्यांचा विचार येथे करावयाचा आहे.

मूलस्थान व कुल

मनीप्लँटचे मूलस्थान पॅसिफिक महासागरातील सोसायटी द्वीपसमूहात, मोरिया नामक बेटावर आहे. तिचे शास्त्रीय वर्णन प्रथम १८८० साली झाले. वनस्पतीचे वर्गीकरण मुख्यतः फुलांवरून करतात आणि ही वेल तर फुलतच नाही. त्यामुळे तिचे शास्त्रीय नाव वारंवार बदलत राहिले. अखेर फुले अभ्यासावयास मिळाल्यावर १९६४ मध्ये ‘एपिप्रेम्नम ऑरियम’ हे नाव निश्चित झाले. फुले न येण्याचे कारण २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून उलगडले. जिबरेलिन नावाचे वृद्धिद्रव्य तयार करण्यासाठी आवश्यक असलेले एक जनुक ह्या वेलीत नीट कार्य करीत नाही. ते द्रव्य बाहेरून फवारले असता तिला फुले आली.

आपल्या परिचयाचे अळू व सुरण ह्याच कुलातील होत. अळू नीट न शिजल्यास घसा खाजतो, हा अनुभव पुष्कळांना असेल. कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक त्यास कारणीभूत असतात. तेच स्फटिक मनीप्लँटच्या पानांतही असतात. पान चावले गेल्यास तोंडाची आग होते व सूज येते. म्हणून लहान मुले व पाळीव प्राणी ह्यांच्या आवाक्याबाहेर ही वेल ठेवावी.

प्रकाश व आधार

अरण्यात ही वेल मोठ्या वृक्षांच्या छायेत उगवते आणि प्रत्येक पेराशी फुटणाऱ्या मुळांच्या साहाय्याने खोडावर चढत जाते. घरातील मंद उजेडात ती तग धरते, ह्याचे मर्म तिच्या ह्या छायाप्रिय स्वभावात आहे. तथापि अंधार तिला मानवत नाही. पानांवरील फिकट सोनेरी भागांत हरितद्रव्य अत्यल्प असते. उजेड अपुरा पडला की नवी पाने अधिकाधिक हिरवी निघू लागतात व पेरांमधील अंतर वाढते. ही खूण ओळखून कुंडी खिडकीजवळ न्यावी. मात्र जयपूरचे वैशाखातील ऊन पानांवर थेट पडू दिल्यास ती करपतात. तेथील जुन्या घरांतील दगडी जाळ्यांतून येणारा गाळीव उजेड ह्या वेलीस चांगला मानवतो.

वेल खाली लोंबत ठेवली तर पाने लहान राहतात. काथ्या गुंडाळलेल्या काठीवर चढविली तर ती मोठी होत जातात. अरण्यात उंच चढलेल्या वेलीचे पान एक मीटरपर्यंत लांब होऊ शकते.

पाणी आणि मुळांचा श्वास

जयपुरात वर्षाकाठी सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तोही बहुतांशी जूनअखेर ते सप्टेंबर ह्या काळात. मे महिन्यात दुपारचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते आणि ‘लू’ नावाचा उष्ण, कोरडा वारा वाहतो. अशा हवेत पानांतून पाणी वाफेच्या रूपाने झपाट्याने बाहेर पडते. मुळांना तितक्या वेगाने ते पुरविता आले नाही तर पानांच्या कडा वाळतात. म्हणून त्या दिवसांत कुंडी वाऱ्याच्या झोतापासून दूर, घराच्या आतील भागात ठेवावी. चार कुंड्या एकत्र ठेवल्यास त्यांच्याभोवतीची हवा किंचित दमट राहते.

परंतु कोरड्या हवेच्या भीतीने पाण्याचा अतिरेक करणे अधिक घातक ठरते. मुळांनाही प्राणवायू लागतो व तो मातीच्या कणांमधील पोकळ्यांतून मिळतो. ह्या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या तर मुळे गुदमरून कुजतात. कुजलेली मुळे पाणी शोषू शकत नाहीत, म्हणून वेल कोमेजते. ती तहानलेली आहे असे समजून आणखी पाणी घातले जाते आणि रोप मरते. ह्यावर उपाय सोपा आहे. बोट मातीत पेरभर खुपसून पाहावे. माती कोरडी लागली तरच भरपूर पाणी द्यावे व जादा पाणी कुंडीच्या छिद्रातून निघून जाऊ द्यावे. मातीत वाळू व कुजलेले शेणखत मिसळावे.

जमिनीतील पाणी क्षारयुक्त असल्यास कुंडीवर पांढरा थर जमतो. अशा वेळी अधूनमधून भरपूर पाणी ओतून क्षार धुऊन काढावेत. पावसाळ्यात कुंडी काही वेळ पावसात ठेवणे उत्तम. जानेवारीत रात्रीचे तापमान १० अंशांखाली उतरते व वाढ जवळजवळ थांबते. त्या काळात पाणी निम्म्याहून कमी करावे, खत देऊ नये आणि कुंडी रात्री उघड्या सज्जात ठेवू नये.

बाटलीतील पाणी आणि डास

नवे रोप करण्यासाठी निदान एक पेर असलेला तुकडा पेराच्या खाली कापून पाण्यात ठेवतात; पेराशी असलेल्या मुळांच्या अंकुरांपासून काही आठवड्यांत मुळे वाढतात. पेर नसलेल्या नुसत्या पानास मुळे फुटली तरी त्यापासून वेल होत नाही. पाण्यात फुटलेली मुळे पाण्यात विरघळलेल्या अल्प प्राणवायूवर निर्वाह करतात. म्हणून ही वेल बाटलीतही दीर्घकाळ जगते.

येथेच एक गंभीर धोका संभवतो. डेंग्यूचा प्रसार करणारा एडिस इजिप्ती हा डास गटारात नव्हे, तर घरातील स्वच्छ, साचलेल्या पाण्याशी अंडी घालतो. मनीप्लँटची बाटली व उन्हाळ्यातील कूलरची टाकी ह्या दोन्ही जागा त्यास सोयीच्या असतात. २०१८ साली जयपुरात झिका ह्या रोगाची साथ आली आणि राजस्थानात १५० हून अधिक रुग्ण आढळले. बहुतेक जयपूरचेच होते. झिकाचा प्रसारही हाच डास करतो. गर्भवती स्त्रीस तो रोग झाल्यास गर्भाच्या मेंदूच्या वाढीस अपाय होऊ शकतो.

अंड्यापासून पूर्ण डास होण्यास उबदार हवेत सात ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा बाटलीतील पाणी पूर्णपणे बदलावे. केवळ पाणी ओतून देणे पुरेसे नाही. अंडी भांड्याच्या आतील बाजूस चिकटलेली असतात व कोरडी पडूनही कित्येक महिने जिवंत राहतात. भांडे आतून घासून धुवावे आणि मुळेही वाहत्या पाण्याखाली धरावीत. ताज्या पाण्याबरोबर मुळांना नवा प्राणवायू मिळतो, हा वेलीचाही लाभ आहे. इतके करणे शक्य नसल्यास वेल मातीत लावावी. मात्र कुंडीखालील ताटलीत पाणी साचू देऊ नये.

हवा शुद्ध होते काय?

घरातील वनस्पती हवेतील विषारी वायू शोषून घेतात, असे पुष्कळदा सांगितले जाते. ह्या समजुतीचे मूळ अमेरिकेतील नासा ह्या संस्थेच्या १९८९ मधील प्रयोगांत आहे. ते प्रयोग बंदिस्त पेट्यांत केले होते. घराची हवा मात्र दारे-खिडक्यांतून सतत बदलत असते; तेवढाच परिणाम वनस्पतींनी साधावयाचा तर प्रत्येक चौरस मीटर जागेत दहा ते हजार रोपे लागतील, असे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. सारांश, हवेसाठी खिडकी उघडावी आणि वेल तिच्या सौंदर्यासाठी बाळगावी. उजेड, मातीतील ओलावा आणि बाटलीतील पाणी ह्या तीन गोष्टींकडे नियमाने लक्ष दिले, तर दूरच्या बेटावरील ही वेल राजस्थानच्या उन्हाळ्यातही हिरवी राहते आणि घरातील माणसेही निर्धास्त राहतात.