जुनी बुलेट न्यावी की नवी गाडी?

ह्यांनी लडाखला मोटारसायकलने जायचं काढलं आणि आमच्या घरात दोन तट पडले. मामंजींनी १९८४ साली घेतलेली बुलेट न्यायची, की नवी गाडी घ्यायची? मैत्रिणींनो, असा प्रश्न तुमच्याकडे निघाला तर 'पुरुषांचं खेळणं' म्हणून अंग काढून घेऊ नका. मागच्या सीटवर बसणार आपण आणि पैसे जाणार तेही घरखर्चातूनच!

जुन्या गाडीचं दुखणं डोळ्यांना दिसतं, हा तिचा मोठा गुण. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल येतंय का, प्लगला ठिणगी पडतेय का, एवढं पाहिलं की निम्मा उलगडा होतो. एकदा आंबा घाटात आमची बुलेट फुरफुरत बंद पडली. ह्यांनी झाकण उघडलं, पॉइंट पॉलिश पेपरने घासले, फट जुळवली. मी टॉर्च धरून उभी. अर्ध्या तासात गाडी सुरू! नव्या गाडीत पेट्रोलचा पंप विजेवर चालतो. तो बसला किंवा एखादा सेन्सर बिघडला, तर रस्त्यावरचा मेकॅनिक हात जोडतो.

पण म्हणून जुनीच बरी असं म्हणू नका. खारदुंग ला खिंड साडेसतरा हजार फुटांच्या आसपास. तिथे हवा विरळ, आणि कार्बोरेटर मात्र पेट्रोल ओततच राहतो. इंजिन काळा धूर टाकून गुदमरतं. इंजेक्शनची गाडी हवेच्या मानाने पेट्रोल आपसूक कमी करते. शिवाय ब्रेक! एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे. ओल्या उतारावर जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊन घसरत नाही. आमच्या बुलेटला साधे ड्रम ब्रेक. त्यात गिअर उजव्या पायाशी, ब्रेक डाव्या! भाऊजींना नव्या गाडीची सवय. ते एकदा भलताच पाय दाबून थेट कुंपणात गेले होते.

जुनी गाडी न्यायचीच असेल, तर आधी कागद पाहा. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण लागतं. मग दुरुस्ती येते म्हणणाऱ्याला घरीच चाक उतरवायला सांगा. जुन्या चाकांत ट्यूब असते. पंक्चर झालं की चाक काढावंच लागतं. ट्यूबलेसचं पंक्चर चाक न काढता बुजवता येतं. (तारांची चाकं असलेल्या काही नव्या गाड्यांतही ट्यूबच असते, तेव्हा घेताना विचारा.)

गेल्या रविवारी अंगणात ही परीक्षा झाली. चाक उतरायला दीड तास लागला, ट्यूब पान्ह्याखाली चिमटून फाटली, आणि माझी धुण्याची बादली ग्रीसने माखली ती निराळीच. तेव्हा बुलेट यंदा गणपतीपुळ्यापर्यंत. लेहला मोटारसायकली भाड्याने मिळतात. विमानाने जायचं, पहिले दोन दिवस नुसती विश्रांती घ्यायची आणि मग तिथलीच नवी गाडी घ्यायची, असं तूर्त ठरलंय. ठेव मोडायला नको.

मामंजी मात्र अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.